बॅकयार्डातल्या घरासाठी शेजाऱ्याची परवानगी कशाला?

कॅलिफोर्नियातल्या बे एरियात स्वतःचं घर असलेले चार मराठी लोक जमले की हल्ली शाळा आणि नोकऱ्यांच्या बरोबरीने एक विषय हमखास निघतो, बॅकयार्डमध्ये एडीयू बांधायचा का. एडीयू म्हणजे मूळ घराच्याच प्लॉटवरचं दुसरं छोटं घर, स्वतःचं किचन, स्वतःचं बाथरूम, वेगळा दरवाजा. कधी मागच्या अंगणात सुटं, कधी घराला लागून, कधी गॅरेजचंच घर केलेलं. कुणाला आई-बाबांसाठी हवं असतं, कुणाला भाड्यासाठी, कुणाला कॉलेज संपवून परत घरी आलेल्या मुलासाठी. मग गप्पा पर्मिटवर येतात आणि दोन तट पडतात. एक म्हणतात सिटी फार छळते, नियम अजून ढिले करा. दुसरे म्हणतात आता कुणीही काहीही बांधतंय, उद्या आमच्या कुंपणाला लागून कुणी घर उभं केलं तर आमच्या प्रायव्हसीचं काय, निदान आम्हाला विचारायला तरी पाहिजे.

मला हे दुसरं म्हणणं अजिबात पटत नाही आणि पहिलं अर्धंच पटतं. पर्मिट हवंच, आणि चांगलं कडक हवं, पण त्याने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं, की या घरात झोपणारा माणूस सुरक्षित आहे का. वायरिंग, गॅस, पाया, भूकंप, आग, सांडपाणी, हे सगळं त्यात आलं. त्या पलीकडे शेजाऱ्याला कसं वाटतं, गल्ली कशी दिसेल, इथे "कसले लोक" राहायला येतील, हे प्रश्न पर्मिटच्या टेबलावर येताच कामा नयेत. कॅलिफोर्नियाने गेल्या दहा वर्षांत हेच हळूहळू केलंय आणि ते बरोबर केलंय असं माझं ठाम मत आहे.

आधी कसं होतं ते बघा. दुसऱ्या युनिटबद्दलचा राज्याचा पहिला कायदा 1982 चा, पण त्यात सगळी चावी शहरांच्या हातात होती. तुम्ही अर्ज करायचा, मग शेजाऱ्यांना नोटिसा जाणार, मग प्लॅनिंग कमिशनपुढे सुनावणी, तिथे कुणीही येऊन माइकवर बोलणार की आमच्या भागाचं स्वरूप बदलेल, गाड्या वाढतील, आणि समोर बसलेले लोक त्यांना हवं तसं ठरवणार. 2002 मध्ये राज्याने कायदा बदलला आणि 2003 च्या जुलैपासून सुनावणी बंद, नियमात बसत असेल तर पर्मिट द्यायलाच पाहिजे असं झालं. पण शहरांनी काय केलं, नियमच असे लिहिले की त्यात कुणी बसूच नये. पॅसाडेनात 15,000 चौरस फुटांचा प्लॉट असेल तरच दुसरं युनिट अशी अट होती, आता एवढा प्लॉट किती जणांकडे असतो सांगा. कुठे झाकलेलं पार्किंग हवं, कुठे रस्त्यापासून मागच्या घरापर्यंत ठरावीक रुंदीची वाट हवी. कागदावर परवानगी होती, हातात मात्र काही पडत नव्हतं.

खरा फरक पडला तो 2016 मध्ये पास झालेल्या कायद्यांनी, जे 2017 पासून लागू झाले, आणि नंतर 2019 च्या कायद्यांनी, जे 2020 पासून. आता अर्ज पूर्ण असेल तर सिटीने 60 दिवसांत हो किंवा नाही सांगायचं, नाही सांगितलं तर पर्मिट मिळालं असं धरायचं. प्लॉटच्या कमीत कमी आकाराची अट लावता येत नाही. 800 चौरस फुटांपर्यंतचं, बाजूने आणि मागून 4 फूट सोडून, 16 फूट उंचीचं घर असेल तर शहराला आपले बाकीचे नियम पुढे करून ते अडवता येत नाही. बस किंवा ट्रेनच्या स्टॉपपासून अर्ध्या मैलाच्या आत असाल तर जादा पार्किंग मागता येत नाही, गॅरेजचं घर केलंत तर गेलेलं पार्किंग दुसरीकडे भरून द्या असंही म्हणता येत नाही. सोसायटीवाले, म्हणजे एचओए, त्यांनाही सरसकट बंदी घालता येत नाही. परिणाम असा की 2016 मध्ये अख्ख्या राज्यात साधारण हजाराच्या आसपास पर्मिटं निघत होती ती 2022 पर्यंत वर्षाला वीस हजारांच्या वर गेली. जमीन तीच, माणसं तीच, बदलले ते फक्त नियम.

आता कुणी म्हणेल की मग सगळंच सोपं करून टाका ना, पर्मिट तरी कशाला. इथे मी पहिल्या तटापासून वेगळी होते. माझ्या ओळखीतली एक मुलगी, मास्टर्सला आलेली, पहिल्या सेमिस्टरला एका गॅरेजमध्ये भाड्याने राहायची, मी तिला सामान सोडायला गेले होते. बाहेरून छान रंग दिलेला, आत लॅमिनेटची फरशी, एका कोपऱ्यात हॉट प्लेट. पलंगाच्या डोक्याशी, पातळ पार्टिशनच्या पलीकडे, त्या घराचा गॅसचा वॉटर हीटर. खोलीला खिडकी एकच, माझ्या डोक्याच्या वर, आडवी, आणि ती उघडायचीच नाही. दरवाजाही एकच आणि तो हीटरच्या बाजूने. म्हणजे रात्री तिथे काही पेटलं असतं तर ती पोरगी बाहेर कुठून आली असती? स्मोक अलार्म कुठे दिसला नाही, कार्बन मोनॉक्साइडचा तर नाहीच.

पर्मिट असतं तर काय झालं असतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं की इन्स्पेक्टर म्हणजे उगाच खुसपटं काढणारा माणूस. झोपायच्या खोलीला अशी एक खिडकी लागते जिच्यातून माणूस बाहेर पडू शकेल. तिची खालची कड जमिनीपासून 44 इंचांपेक्षा वर नको, उघडल्यावर मोकळी जागा कमीत कमी 5.7 चौरस फूट (तळमजल्यावर 5), रुंदी 20 इंच तरी, उंची 24 इंच तरी. हे आकडे कुणाच्या मनात आलं म्हणून ठरलेले नाहीत, झोपेतून उठलेला घाबरलेला माणूस चढून बाहेर जाऊ शकेल आणि आगीचा बंबवाला पाठीवर सिलेंडर घेऊन आत येऊ शकेल यासाठी आहेत. इन्स्पेक्टर टेप काढतो, मोजतो, 46 इंच आलं तर नापास. मालक वैतागतो, खिडकी खाली घ्यावी लागते, खर्च होतो. होऊ दे. या टेपला माझा शंभर टक्के पाठिंबा आहे. माझा विरोध आहे तो त्या माइकला, जिथे कुणीही येऊन "आमच्या गल्लीचं वातावरण" असं काहीतरी म्हणून तीच खोली अडवू शकतो. टेपला माप असतं, माइकवरच्या बोलण्याला कसलंच माप नसतं.

आणि हे नीट समजून घ्यायला पाहिजे की असली गॅरेजं तयार कशामुळे झाली. कायदेशीर वाट अशक्य करून ठेवली म्हणून. माणसांना डोक्यावर छप्पर लागतंच, मालकाला हप्ता भरायचा असतोच, मग काम रात्रीचं होतं, वायरिंग कुणीतरी ओळखीचा करतो, आणि कागदावर ते गॅरेजच राहतं. आपल्याला हे महाराष्ट्रातून आल्यामुळे वेगळं सांगायला नको. गुंठेवारीचा कायदा 2001 मध्ये आला तो तरी कशासाठी, लोकांनी गुंठा-दोन गुंठे घेऊन घरं बांधली होती, नियमात बसत नव्हती, पाडता येत नव्हती, म्हणून नियमित करायची वेळ आली. मग 2021 मध्ये त्या कायद्यातली तारीख पुढे सरकवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना आत घेतलं. याचा अर्थ मधली वीस वर्षं लोक तसंच बांधत राहिले. कॅलिफोर्नियाला पण तेच करावं लागलं, 2024 च्या एका कायद्याने 2020 च्या आधी बिनपर्मिट बांधलेली छोटी युनिटं कायदेशीर करून घ्यायची वाट खुली केली. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली, अशा युनिटला पर्मिट नाकारायचं असेल तर ते राहायला धोकादायक आहे एवढंच कारण चालतं. सेटबॅक, म्हणजे हद्दीपासून सोडायची जागा, कमी आहे, उंची जास्त आहे, असली कारणं नाहीत. म्हणजे जे मी वर म्हणतेय तेच, सुरक्षा सोडून बाकी सगळं बाजूला.

महाराष्ट्रातही दिशा थोडी तीच आहे बरं का. 2020 च्या डिसेंबरला जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, मुंबई वगळून बहुतेक राज्यासाठी, तिच्यात 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर ठरलेली कागदपत्रं आणि शुल्क भरून परवानगीची वाट न बघता बांधता येतं, आणि 150 ते 300 चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांची मुदत आहे. छोट्या माणसाच्या छोट्या घराला मोठ्या बिल्डरच्या टॉवरसारखं वागवू नका, एवढं तरी दोन्हीकडे कळलं.

आता आक्षेपांकडे येते. पार्किंगचा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि तो खोटा आहे असं मी म्हणणार नाही, माझ्याही गल्लीत संध्याकाळी जागा शोधावी लागते. पण नीट बघा की रस्त्यावर कुणाच्या गाड्या आहेत, ज्यांच्या गॅरेजमध्ये खोकी आणि ट्रेडमिल भरलेत त्यांच्याच. रस्ता सार्वजनिक आहे, तो आधी आलेल्याच्या नावावर नाही. एका माणसाला राहायला घर आणि दुसऱ्याला घरासमोर गाडी, यातलं एक निवडायचं असेल तर मला विचार करावा लागत नाही.

प्रायव्हसीबद्दल बोलायचं तर राज्याने हमी दिलेली सुट्या युनिटची उंची 16 फूट आहे, बस-ट्रेनच्या मोठ्या मार्गांजवळ 18, म्हणजे बहुतेक ठिकाणी एक मजलाच. आणि याच लोकांनी आपल्या मूळ घरावर दुसरा मजला चढवलेला असतो, त्याच्या खिडक्या शेजारच्या अंगणात बघतातच की. स्वतःचं मास्टर बेडरूम वाढवलं की ते रीमॉडेलिंग, आणि शेजाऱ्याने आईसाठी खोली बांधली की वातावरण बिघडलं, हा न्याय मला समजत नाही.

आगीचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी बाजूला सारणार नाही. डोंगराच्या कडेला जिथे एकच अरुंद रस्ता खाली उतरतो तिथे घरं दुप्पट केली तर आग लागल्यावर लोक बाहेर कसे पडणार? 2025 च्या जानेवारीतल्या आगीत लॉस एंजेलिस भागातल्या अल्टाडेना आणि पॅलिसेड्समध्ये काय झालं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. कायद्यातसुद्धा पाणी, सांडपाणी, वाहतूक आणि सार्वजनिक सुरक्षा या कारणांवरून काही भागांत मर्यादा घालायची मुभा शहरांना ठेवलेली आहे आणि ती असायलाच हवी. फक्त ती खऱ्या कारणासाठी वापरा. 2022 मध्ये वुडसाइड नावाच्या श्रीमंत गावाने आपलं अख्खं गाव डोंगरी सिंहाचा, म्हणजे माउंटन लायनचा, अधिवास आहे म्हणून एका प्लॉटवर जास्त घरं बांधायचा दुसरा एक नवा कायदा आमच्याकडे लागू नाही असं जाहीर केलं होतं, राज्याच्या ॲटर्नी जनरलने पत्र पाठवल्यावर ते मागे घेतलं. सिंह खरे आहेत, पण तिथे मोठा बंगला बांधायला त्यांची अडचण नव्हती, दोन छोटी घरं बांधायला होती. असे प्रकार झाले की खऱ्या आगीच्या धोक्याबद्दल बोलणाऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही, हे फार मोठं नुकसान आहे.

आणि "आमच्या भागाचं स्वरूप" या शब्दांमागचा इतिहास आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या लोकांना तर माहीत असायलाच हवा. एका प्लॉटवर एकच कुटुंब हा नियम बर्कलेच्या एल्मवूड भागात 1916 मध्ये आला, त्यामागे कोणत्या वंशाचे लोक शेजारी नकोत हा विचार होता, बर्कलेच्या कौन्सिलने 2021 मध्ये ही पद्धत संपवायचा ठराव केला तेव्हा तो इतिहास उघडपणे मान्य केला. ज्या नियमाने एकेकाळी आपल्यासारख्यांनाच बाहेर ठेवलं असतं त्याच नियमाच्या बाजूने आज आपली माणसं कौन्सिलच्या मीटिंगला जाऊन बोलतात, हे बघून मला मनापासून वाईट वाटतं. आपण इथे पहिल्यांदा आलो तेव्हा कुणाच्या तरी घराच्या मागच्या खोलीत किंवा चौघांत एक अपार्टमेंट घेऊन राहिलोच होतो ना.

एक नियम असा होता जो ऐकायला फार चांगला वाटायचा, की एडीयू बांधणारा मालक त्याच प्लॉटवर राहिलाच पाहिजे. बाहेरचे गुंतवणूकदार येणार नाहीत, शेजार जपला जाईल वगैरे. पण आपल्या लोकांच्या बाबतीत विचार करा. अर्धे जण व्हिसावर, उद्या ले-ऑफ झाला, दुसऱ्या राज्यात नोकरी मिळाली, किंवा पुण्याला वडिलांचं आजारपण निघालं आणि वर्षभर जावं लागलं, तर काय मागचं घर रिकामं ठेवायचं, भाडेकरूला काढायचं? बँकेलाही असली अट आवडत नाही, घर जप्त केलं तर विकणार कुणाला. 2019 च्या कायद्याने ही अट काही वर्षांसाठी उठवली होती, 2023 मध्ये ती कायमची काढली. चांगलं केलं. गुंतवणूकदाराची भीती असेल तर भाडेकरूला संरक्षण देणारे नियम करा, मालकाच्या पायात बेडी घालून भाडेकरूचं भलं होत नाही. रोजच्या भाड्याचा, म्हणजे एअरबीएनबीचा, प्रश्न वेगळा आहे, तिथे 30 दिवसांपेक्षा कमी मुदतीने द्यायचं नाही अशी अट लावायची सोय आहे आणि ती मला योग्य वाटते, कारण हे सगळं चाललंय ते राहायला घरं वाढावीत म्हणून.

म्हणजे सगळं झालं का, तर नाही. राज्याने शहरांना 2031 पर्यंतच्या आठ वर्षांत मिळून 25 लाख घरांचं नियोजन करायला सांगितलंय, बॅकयार्डातल्या छोट्या घरांनी त्यातला मोठा भाग भरून निघेल अशी माझी समजूत नाही. अथर्टनसारख्या श्रीमंत गावाने आपला वाटा मुख्यतः एडीयू दाखवून भरायचा प्रयत्न केला तेव्हा राज्याने तो मान्य केला नाही, बरोबरच आहे, एडीयू हा अपार्टमेंट न बांधायचा बहाणा होता कामा नये. शिवाय सुटं नवीन युनिट बांधायला बे एरियात दोन-तीन लाख डॉलर सहज जातात, ते ज्याच्या घराची किंमत आधीच वाढलीय त्यालाच जमतं. राज्याने सुरुवातीच्या खर्चासाठी 40,000 डॉलरपर्यंतचं अनुदान काढलं होतं, त्याचे पैसे बघता बघता संपले. कमी उत्पन्नाच्या मालकाला हे जमवायचं असेल तर असं काहीतरी कायमचं लागेल.

आणि पर्मिटचं म्हणाल तर अडवणूक आता सुनावणीतून निघून कागदांमध्ये शिरलीय. 60 दिवस हे अर्ज "पूर्ण" झाल्यापासून मोजतात, मग पूर्ण झालाच नाही असं म्हणत राहिलं की झालं. माझ्या एका मैत्रिणीच्या गॅरेजच्या प्लॅनला, शहराचं नाव लिहीत नाही, आधी एका डिपार्टमेंटच्या करेक्शन्स आल्या, त्या भरून दिल्या तर दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीत न काढलेले नवे मुद्दे आले, सांडपाण्याच्या पाइपचा उतार दाखवला नाही, तो दाखवला तर विजेच्या पॅनलचं लोड कॅल्क्युलेशन नाही. यातला एकही मुद्दा चुकीचा नव्हता हे मी मान्य करते, उतार दाखवायलाच पाहिजे, जुन्या घराचं 100 अँपचं पॅनल दोन किचनना पुरेल का हे बघायलाच पाहिजे. पण सगळे एकदम सांगता आले असते. नाकारायचं असेल तर सगळ्या त्रुटी आणि त्या कशा दुरुस्त करायच्या हे एकाच वेळी लेखी द्या असं 2023 पासून कायद्यात आहे, 2025 मध्ये अर्ज पूर्ण आहे की नाही हे 15 कामकाजाच्या दिवसांत सांगायची अट पण घातलीय. ही कलमं छापून घेऊन काउंटरवर जा असं मी सगळ्यांना सांगते. आणि जमत असेल तर शहराने आधीच मंजूर केलेले तयार प्लॅन बघा, 2025 पासून प्रत्येक शहराला अशी सोय ठेवावी लागते, लॉस एंजेलिस आणि सॅन होजेसारख्या ठिकाणी ती आधीपासून आहे, त्यावर 30 दिवसांत निर्णय मिळायला हवा.

फीबद्दलही तेच. 750 चौरस फुटांपर्यंतच्या युनिटला इम्पॅक्ट फी, म्हणजे नव्या बांधकामाने सार्वजनिक सोयींवर पडणाऱ्या भारासाठी घेतात ती, नाही, म्हणून आता सगळे तेवढ्यातच बसणारे प्लॅन काढतात. ज्यांना आई-बाबा दोघांसाठी दोन खोल्या आणि व्हीलचेअर फिरेल एवढं बाथरूम हवंय ते त्या मर्यादेत बसायला भिंत आत घेतात, आणि बाथरूमच्या दरवाजाची रुंदी कमी होते. सवलत एकदम तोडण्यापेक्षा पहिले 750 फूट माफ आणि फक्त वरच्या फुटांवर आकारणी असं करता येणार नाही का? माझ्या मते करायलाच हवं, आणि तेवढी दुरुस्ती करायला एखादं शहरही स्वतःहून पुढे येऊ शकतं, राज्याची वाट बघायची गरज नाही.

शेवटचं वीज. सिटी 60 दिवस गप्प बसली तर पर्मिट मिळालं असं धरतात, तसा धाक वीजजोडणीला नाही. त्याच मैत्रिणीचं काम संपलं, इन्स्पेक्टरने खिडकी मोजून पास केली, भिंतीला रंग लागला, आणि पॅनल बदलून द्यायची तारीख वीज कंपनीकडून पुढे पुढे जात राहिली, तिचे सासरे व्हिसाचे सहा महिने हॉलमधल्या सोफ्यावर झोपून परत गेले. पुढच्या अधिवेशनात आपल्या असेम्ब्ली मेंबरकडे काही मागायचं असेल तर मी हेच मागणार आहे, की वीज आणि पाण्याच्या जोडणीला पण ठरलेली तारीख आणि ती चुकली तर मालकाला भरपाई.